शरीराचे अवयव : राहिलेला अर्धा पाठ

मराठीच्या प्राथमिक वर्गात एक पाठ हटकून येतो : शरीराचे अवयव. डोके, डोळे, नाक, कान, गळा, छाती, हात, पोट अशी नावे मुले एका सुरात म्हणतात. पोट झाले की तक्ता एकदम मांडीवर उडी घेतो. मधल्या भागाला जणू नावच नाही. आमच्या मॉरिशस बेटावर हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गेले काही महिने आमचा मुक्काम ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पश्चिमेकडील क्वेकर्स हिल या उपनगरात आहे. इथल्या मराठी घरांतही तोच तक्ता आणि तीच उडी. फरक इतकाच की बेटावर ही रिकामी जागा क्रिओल भरून काढते, इथे इंग्रजी.

इथल्या शाळा मात्र ती जागा रिकामी ठेवत नाहीत. न्यू साउथ वेल्स राज्यात बालवर्गापासून दहावीपर्यंत आरोग्य व शारीरिक शिक्षण हा सक्तीचा विषय आहे आणि त्यात मुलांना शरीराच्या भागांची खरी नावे शिकवतात. हेतू सरळ आहे. ज्या मुलाला आपल्या अवयवाचे नाव ठाऊक असते, त्याला कुणी वाईट हेतूने हात लावला तर ते नेमके सांगता येते. 'तिथे' एवढेच म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे मोठी माणसे हसण्यावारी नेतात.

पण या शिक्षणामुळे घरात एक चमत्कारिक स्थिती झाली आहे. नातवाला नावे येतात ती इंग्रजीत. आजीला ती मराठीतही उच्चारण्याची सवय नाही. मुलगा-सून सकाळच्या गाडीने कामाला जातात, घरी आजी आणि नातवंडे. आमच्या ओळखीच्या एका आजींना लघवीला जळजळ होत होती. चार दिवस त्यांनी सोसले. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पोटात दुखतंय." अकरा वर्षांच्या नातवाने तेच डॉक्टरांना सांगितले आणि डॉक्टरांनी जेवणाखाण्याची चौकशी सुरू केली. दुसरे काय करणार? आपल्या बोलण्यात जठर, आतडी, मूत्राशय आणि गर्भाशय या सर्वांचे मिळून नाव 'पोट' आहे. 'अंगावरून जाते' हे आपल्या बायकांचे बोलणे तर शब्दशः सांगितले तर काहीच कळत नाही. या देशात १९७३ पासून दूरध्वनीवरून दुभाषा देणारी सरकारी सेवा आहे. तिचा क्रमांक १३१ ४५०. असल्या प्रसंगी नातवाऐवजी दुभाष्याकरवीच बोलावे. परंतु दुभाष्याला तरी आधी आपणच शब्द द्यावा लागतो.

म्हणून राहिलेला अर्धा पाठ आज इथे घेऊ.

पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, दोन्हीकडे मुठीएवढे एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात जातो आणि एक-दोन लिटर लघवी उरते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून ओटीपोटातल्या मूत्राशयात येते. मूत्राशयात सुमारे अर्धा लिटर लघवी मावते. तेथून ती मूत्रमार्गाने बाहेर पडते. हा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो, स्त्रियांत अवघा चार. जंतूंना स्त्रियांच्या मूत्राशयापर्यंत पोहोचणे सोपे जाते ते यामुळे. यात कुणाचे चारित्र्य नाही, कुणाचा दोष नाही. चार सेंटिमीटरांचा हा हिशोब आहे. जळजळीबरोबर थंडीताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखणे असेल, तर विकार मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

आता जननेंद्रिये. स्त्रीला लघवीची वाट, योनी आणि गुदद्वार अशा तीन वेगवेगळ्या वाटा असतात. चार मुलांच्या आयांनाही हे ठाऊक नसते, असे आमच्या अनुभवास आले आहे. योनीच्या वरच्या टोकाशी गर्भाशय असते, उलट्या धरलेल्या पेअर फळाएवढे. त्याच्या पुढे मूत्राशय, मागे मलाशय. दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन गर्भनलिका. गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, ती पाळी. कावळ्याचा त्यात काही संबंध नाही.

पुरुषांत वृषणे शरीराबाहेरच्या पिशवीत असतात, कारण शुक्रजंतू तयार होण्यास शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. वीर्य आणि लघवी यांची बाहेरची वाट एकच, शिश्नातून जाणारी. मूत्राशयाच्या तोंडाशी या वाटेला वेढून अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती वाढते. रात्री चारदा उठणारे, धार बारीक झालेले आजोबा "वय झालं" म्हणून गप्प बसतात; त्यांचे दुखणे बहुधा इथे असते आणि त्यावर उपाय आहेत. लघवीत रक्त दिसले, तर मात्र वयावर ढकलून एक दिवसही दवडू नये.

नावे न कळल्याची किंमत काय पडते, याचे कठोर उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. दारिद्र्य, कामाची सक्ती, काही डॉक्टरांचा लोभ, अशी त्याची कारणे आहेत. पण त्या कारणांना हात दिला तो एका शब्दाने : 'पिशवी'. लघवीची ती पिशवी, गर्भाची तीही पिशवी. पिशवी खराब झाली, काढून टाका, असे सांगितले की बाई काय विचारणार? पिशवीबरोबर अंडाशयेही काढणार का, हा प्रश्न अंडाशय माहीत असेल तरच सुचतो. अंडाशये गेली की ऐन तारुण्यात पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. गर्भाशय काढणे कधी कधी अत्यावश्यक असते, हे आम्ही जाणतो. मात्र आपल्या शरीरातून काय जात आहे, हे त्या बाईला समजलेच पाहिजे.

काही वडील मंडळी म्हणतील, असल्या गोष्टींनी मुले बिघडतात. हा आक्षेप नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तो खटला कर्वे हरले. पण आज त्यांचे म्हणणे कोणती शाळा नाकारील?

शिवाय लाज ही आपली परंपराच आहे, असेही नाही. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील खडा शस्त्रक्रियेने कसा काढावा याचे वर्णन आहे. आणि 'मुतखडा' हा शब्द पाहा. तो भर पंगतीत उच्चारला तरी कुणी मान खाली घालत नाही. एका शब्दाची लाज जर गेली आहे, तर आणखी दहा शब्दांची जाणे अशक्य नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. मुलांना न्हाऊ घालताना नाक-कानांबरोबर याही अवयवांची नावे त्याच आवाजात, न हसता सांगावीत. आठवड्याच्या मराठी वर्गातला तक्ता पूर्ण करावा. आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना नातवंडांनी इंग्रजी शब्द द्यावेत, त्यांनी नातवंडांना मराठी. मूत्राशय, गर्भाशय, अंडाशय हे शब्द पहिल्यांदा जड वाटतील. पण 'दूरदर्शन' हा शब्द जिभेवर बसला तसे हेही बसतील.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पैशाच्या बाबतीत ते खरे असेल. दुखणे मात्र झाकले की वाढते, आणि ज्याला नाव नाही ते दाखवताही येत नाही.