लोक कर्जतला येतात, मग आम्ही कुठे जायचं?

बँकॉक-क्वालालंपूरची तिकिटं काढली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, लोक फिरायला कर्जतला येतात आणि तुम्ही कर्जत सोडून कुठे निघालात?" आईसुद्धा हसली. मी काही बोलले नाही. उत्तर मोठं होतं आणि बॅग भरायची राहिली होती. ते आता देते.

काकू, लोक कर्जतला येतात म्हणूनच आम्हाला कर्जत सोडावं लागतं.

मी कर्जतची, मैत्रीण चौकची. तिच्या गच्चीवरून इर्शाळगड दिसतो. जुलैतला रविवार आमच्याकडे कसा असतो ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. सकाळच्या लोकलमधून टोळकी उतरतात, भिवपुरीला तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. फार्महाउसवरचे डीजे शनिवार रात्रीपासून सुरू असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, हे त्या डीजेला कोणी सांगायचं? खोपोलीचा झेनिथ धबधबा दहावीनंतर आम्ही दोघींनी पावसाळ्यातल्या रविवारी पाहिलेला नाही. घरून कोणी बंदी घातलेली नाही. "तिथली गर्दी कशी असते माहितीये ना" एवढं एक वाक्य पुरतं.

मग कोणीतरी बुडतं आणि प्रशासन मनाई आदेश काढून धबधबेच बंद करतं. दारू पिऊन पाण्यात उतरणारा मोकळा, पकडला जातो धबधबा. तिथे कणसं भाजून पावसाळ्यात घर चालवणारी बाई मात्र रिकाम्या हाताने घरी बसते.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. त्यामुळे आमच्यासारख्या नोकरदार पोरींनाही हा प्रवास जमण्यातला झाला. बँकॉकमध्ये पहिल्याच संध्याकाळी आम्ही चाओ फ्राया नदीवरच्या बोटीत चढलो. तिकीटवाली बाई हातातली पत्र्याची नळी खुळखुळवत फिरत होती. गणवेशातली मुलं, ऑफिसातून सुटलेल्या बाया, भिक्खूंसाठी राखून ठेवलेली जागा. पलीकडच्या काठावर वाट अरुणचं देऊळ. ते बघायला जग येतं, पण बोट आधी घरी जाणाऱ्यांची. आम्ही एका कोपऱ्यात उभ्या राहिलो. पाण्यावर, अंधार पडताना, दोघीच. मनात धाकधूक नव्हती, हे लक्षात यायलाही थोडा वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, "तिकडे बघा किती शिस्त" सुरू होणार. नाही. त्या वाक्याचा मला कंटाळा आहे. त्याच रात्री एका नाक्यावर आपलीच पोरं भेटली. झिंगलेली, आमच्याबद्दल मराठीत बोलणारी, आम्हाला कळत नाही असं समजून. ती नजर भिवपुरीच्या फलाटावरचीच होती. पासपोर्टवर शिक्का बसला म्हणून नजर बदलत नाही.

म्हणजे प्रश्न देशाचा नाही. 'ही जागा माझ्या मजेसाठी आहे, इथे कोणी राहत नाही' असं ठरवून येणारा माणूस कुठेही तसाच वागतो. फरक एवढाच, की त्या बोटीवर शहर आपलं रोजचं जगणं चालू ठेवतं आणि पाहुण्याला त्यात जागा देतं. आमच्याकडे पाहुण्यांचा रविवार आटोपला की उरेल तो आमचा.

आणि मी काही वेगळी नाही. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हजला मुरुगनच्या दर्शनासाठी २७२ पायऱ्या चढाव्या लागतात. मी मधेच उभी राहून रील काढत होते. मागे एक बाई, कडेवर नुकतंच जावळ काढलेलं बाळ, माझं आवरायची वाट बघत थांबलेली. मैत्रिणीने दंड धरून मला बाजूला ओढलं. "तू आत्ता रविवारची मुंबई झालीस," म्हणाली.

तिला ते बोलायचा हक्क आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या डोंगराची दरड इर्शाळवाडीवर कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, चौथ्या दिवशी शोध थांबवला. वर्षानुवर्षं ट्रेकर त्या ठाकरवाडीतून गडावर गेले, तिथल्या चुलीवरचं जेवले. तरी बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाकडे गडाचे फोटो होते, वाडीचा एकाकडेही नव्हता. "तिथे वस्ती होती?" असं मैत्रिणीला विचारणाऱ्यांत गड चढून आलेलेही होते.

दरड पर्यटकांनी आणली नाही, हे मलाही कळतं. पण त्या वाडीपर्यंत गाडीरस्ताही नव्हता. ज्यांची घरं कुणाला दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी हट्ट कोण धरणार?

म्हणून कर्जत-खालापूर बंद करा असं मी म्हणत नाही. तुम्ही या. पण धबधब्याचा कारभार वाडीतल्या माणसांच्या हाती द्या. तिथल्या बचत गटाच्या बायकांना तिकीट फाडू द्या, बाटली अडवू द्या आणि त्यांच्या पाठीशी दोन पोलीस उभे करा. जमलेल्या पैशातून संडास बांधा, वाट नीट करा. रात्री १० वाजता डीजे बंद करा, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि तुम्ही जिथे गाडी लावता त्या वाडीचं नाव तरी विचारून घ्या.

परत आल्यावर काकूंना बोटीवरचा फोटो दाखवला. "अगं, पाणी तर आपल्या उल्हास नदीलाही आहे," त्या म्हणाल्या.

आहे ना, काकू. येता का रविवारी संध्याकाळी? काठावर जाऊन बसू.