मोल समजून घ्या

विज्ञानाच्या पुस्तकात 'मोल' हा शब्द आला की अनेक मुले घाबरतात. मग ती सूत्र पाठ करतात, त्यात आकडे भरतात आणि उत्तर काढतात. माझ्या मते ही पद्धत बरोबर नाही. मोलची उदाहरणे पाठांतराने सुटत नाहीत, समजून मोजल्याने सुटतात.

उर्दूत आणि मराठीत मोल म्हणजे किंमत. विज्ञानातील मोल वेगळा आहे. तो डझनासारखा मोजणीचा शब्द आहे. १२ वस्तूंचा एक डझन होतो. तसाच ६०२२ या संख्येपुढे २० शून्ये लिहिली, तर जवळजवळ तेवढ्या कणांचा एक मोल होतो.

एवढे कण कोण मोजणार? खिळे विकणारा दुकानदार आठवा. तो खिळे मोजत बसत नाही; तराजूत तोलतो. एका खिळ्याचे वजन माहीत असले, की एकूण वजनावरून खिळ्यांची संख्या कळते. रेणूंचेही तसेच आहे. १८ ग्रॅम पाणी घेतले, की त्यात पाण्याचे १ मोल रेणू असतात.

आता एक उदाहरण पाहा. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू यांपासून पाण्याचे २ रेणू तयार होतात. मग ४ ग्रॅम हायड्रोजनला किती ऑक्सिजन लागेल? घाईने कोणी '२ ग्रॅम' म्हणेल. पण समीकरण रेणूंची संख्या सांगते, वजन सांगत नाही. ४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २ मोल. त्याला १ मोल ऑक्सिजन हवा, म्हणजे ३२ ग्रॅम! पाणी मिळेल ३६ ग्रॅम. ४ आणि ३२ मिळवून पाहा. उत्तराचा ताळा लगेच जुळतो.

काही जण म्हणतील, "परीक्षेत वेळ कमी असतो. सूत्र पाठ असले की काम लवकर होते." हे खरे आहे. पण प्रश्न थोडा बदलला की पाठ केलेले सूत्र उपयोगी पडत नाही. समजलेली गोष्ट मात्र नेहमी साथ देते.

आणि हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. रुग्णाला शिरेतून सलाइन देतात. त्याच्या १ लिटर द्रावणात ९ ग्रॅम मीठ असते, म्हणजे सुमारे ०.१५ मोल. त्याऐवजी नुसते पाणी रक्तात गेले, तर रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटतात. असे द्रावण तयार करणाऱ्याला मोजणी नीट समजलीच पाहिजे. उद्या ते काम तुमच्यापैकीच कोणी करणार आहे.

म्हणून उदाहरण सोडवताना आधी समीकरण लिहा. दिलेल्या वजनावरून मोल काढा. समीकरणातील प्रमाण पाहा. मग पुन्हा वजन काढा. पायऱ्या चारच आहेत. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा, 'मी आता काय मोजतो आहे?' याचे उत्तर देता आले, तर मोलची भीती उरणार नाही.