माळवद मोजणारा मास्तर हवा

जुन्या जालन्यात माळवद पाडून स्लॅब टाकला, की शेजारी कौतुक करतात. सळई तर गावातल्याच कारखान्यांची! पण मे महिन्यात त्या स्लॅबखाली कूलरही पुरत नाही.

पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कार्बुझिए यांच्याकडे काम करून आले आणि १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा काढून मास्तर झाले. पुढे स्वतःचे 'संगाथ' हे कार्यालय बांधताना त्यांनी ते थोडे जमिनीत उतरवले, छतावर चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवले. ऊन बाहेरच थोपवायचे, ही आपल्या माळवदाचीही रीत. माळवद गळते, दरवर्षी माती टाकावी लागते, हे खरेच. त्यावर उपाय शोधणे हाच तर विद्यार्थ्यांचा अभ्यास! मराठवाड्यातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी काचेच्या इमारतींआधी त्यांना टेप घेऊन कुंडलिकेकाठी पाठवावे, माळवदे उभी आहेत तोवर.