मानेवरचा भार कोण उतरवणार?

शाहूवाडी तालुक्यात बायकांच्या बैठकीला गेलं की एक तक्रार हमखास येते : "ताई, डोकं आवळून बांधल्यागत दुखतंय." मानेतून चढणारं, दोन्ही बाजूंनी दाबणारं हे दुखणं बहुधा ताणाची डोकेदुखी असतं. त्यावर उपाय म्हणजे दुकानातली गोळी, नाहीतर कुणाकडून तरी मान मोडून घेणं. शहरात याच जातीचा उपचार कायरोप्रॅक्टिक या नावानं मिळतो. १८९५ मध्ये अमेरिकेत डॅनियल पामर यांनी तो सुरू केला.

मान मोडल्यावर घटकाभर हलकं वाटतंही. पण या डोकेदुखीवर त्याचा गुण टिकतो याला भक्कम पुरावा नाही. उलट, झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं, विरळ का होईना, नोंदलेली आहेत. गोळ्याही महिन्यातले १५ दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर डोकेदुखी वाढवतात.

मुळात मान आखडते कशानं? डोक्यावरचा सरपणाचा भारा, पाण्याची घागर, रोपलावणीत दिवसभर वाकणं, अपुरी झोप, घरातली धास्ती. हे कुणाच्या झटक्यानं सुटणारं नाही. शेक, मानेचे व्यायाम, विश्रांती यांनी आराम पडतो. पण बाईनं विश्रांती मागायची कुणाकडे?

म्हणून आपल्या मंडळांनी दोन मागण्या लावून धराव्यात. सरकारी दवाखान्यात ठरल्या वारी फिजिओथेरपी मिळावी. आणि भारा, घागर घरातल्या पुरुषांनीही उचलावी. एकाएकी असह्य डोकं दुखलं, ताप आला, हातपाय लुळे पडले, तर मात्र थेट डॉक्टरच गाठावा.