परसांतील चार शब्द : बीं रुजविण्याचें खत

गेल्या कार्तिकांत माझ्या हातून एक अपराध घडला. आमच्या घरीं कांटेरी वांग्याचें एक बीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें आहे. मातोश्री तें राखेंत घोळून मडक्यांत ठेवीत. त्यांच्यामागें तें काम सूनबाईकडे आलें. त्यांतील अर्धी पुडी मीं गोठ्यामागच्या ढिगांतील खत वाफ्यांत घालून पेरली. खत काळें दिसत होतें, तेवढ्यावर मीं विश्वासलों. सूनबाई म्हणाली, “मामंजी, ढीग हाताला अजून ऊन लागतो.” चाळीस वर्षें शिकविलेल्या मनुष्यास असें कोणी शिकविलेलें रुचत नाहीं. आठव्या दिवशीं रोपें वर आलीं आणि पंधराव्या दिवशीं मानेशीं सडून आडवीं झालीं. एकहि वांचलें नाहीं.

मग पुस्तकें काढलीं. क्रम उलटा झाला खरा. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथांत शेणाचा ढीग माघांत उकरावा, उन्हांत वाळवून चूर्ण करावें, फाल्गुनांत शेतांतील खड्ड्यांत घालावें व पेरणीच्या वेळीं काढावें, असें सांगितलें आहे. इंदूरास आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं बसविलेली आणि १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलेली रीत पाहावी, तर तींतहि पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांचा ढीग पुनःपुन्हां उलथून सुमारें तीन महिने कुजवावा लागतो. पराशर मीं पूर्वीं वाचला होता. त्यांतील थांबणें तेवढें वाचलें नव्हतें.

शिवाय बियाची गरज पिकाहून निराळी. बीं आपली शिदोरी बांधूनच येतें. त्याला आरंभीं ओल, हवा व ऊब एवढेंच पाहिजे. कच्च्या खतांतील अमोनिया व क्षार कोंवळीं मुळें जाळतात, आणि चिकट ओलींत बुरशी मान धरते. नातवानें बाजारांतून गांडूळखताची पिशवी आणली, ती चांगली निघाली. पण तेंहि निखळ वापरूं नये.

यंदां दोन पावसाळे पाहिलेलें शेणखत, आंब्याफणसांखालील कुजलेला पातेरा आणि तांबडी माती समभाग घेऊन बारीक चाळलीं. मातीवर आधीं उकळतें पाणी ओतून ती निववून घेतली. भाताच्या राबासाठीं आपल्याकडे जमीन भाजतात, तें तण व कीड मारण्यासाठींच. परसांत जाळपोळ नको. मिश्रण जड वाटल्यास वाळू घालावी. आमच्या हेदवीस वाळूचा तोटा नाहीं, पण समुद्रकांठची खारट वाळू रोपांना विष, पऱ्ह्यांतील घ्यावी. नारळाच्या सोडणाचा भुसाहि गोड्या पाण्यांत दोनतीनदां धुऊनच मिसळावा.

खत पिकलें कीं नाहीं, हें नाक सांगतें. पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास यावा; शेणाचा किंवा झोंबणारा नको. तरी शंका उरल्यास एका करवंटींत खतमिश्रण व दुसरींत नुसती माती भरून दोहोंत मुळ्याचे दहा दहा दाणे टाकावे. आठवड्यानें पहिलींत निम्मेच उगवलेले दिसले, तर तें खत आणखी महिनाभर झांकून ठेवावें.

मेथीमाठाचे इतके लाड नकोत. धने मात्र हलके रगडून दोन फांकी कराव्या. तुळशीचें बीं पुरूं नये, वर भुरभुरावें.

उरलेली अर्धी पुडी सूनबाईच्या स्वाधीन केली. तिनें तळाला भोंक पाडून सतरा करवंट्या पडवींत मांडल्या. काल सकाळपर्यंत अकरांत कोंब दिसले. पाणी घालण्याचें काम माझ्याकडे आहे, तेंहि झारीनें आणि तिच्या देखत.