चुकलेली पेनल्टी आणि त्यानंतर

परवा नातवाने संगणकावर एक जुना फुटबॉल सामना लावून दिला. म्हणाला, "आजोबा, हा घानाचा असामोआ ग्यान. याच्यामुळे घाना हरला." मला ते जरा खटकलं. अकरा जण खेळतात आणि हरतो एकटा?

तारीख २ जुलै २०१०, गाव जोहान्सबर्ग. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, घाना विरुद्ध उरुग्वे. १-१ बरोबरी आणि जादा वेळही संपत आलेला. गोलात शिरणारा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझने रेषेवर चक्क हाताने अडवला. त्याला लाल कार्ड, घानाला पेनल्टी. ती आत गेली असती, तर उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देश घाना ठरला असता. ग्यानने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आदळून वर उडाला. तो मान पुढे २०२२ मध्ये मोरोक्कोला मिळाला.

नातू तिथेच थांबवणार होता. मी म्हटलं, पुढे चालू दे.

थोड्याच वेळात पेनल्टी शूटआउट सुरू झालं. घानाकडून पहिला कोण आला? ग्यानच! आणि या वेळी त्याने गोल केला. घाना ४-२ असा हरला तो नंतर इतर दोघांच्या पेनल्ट्या अडवल्या गेल्या म्हणून. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त दांडा.

कोणी म्हणेल, गोल करण्याचेच पैसे मिळतात ना? खरं आहे. चूक हिशेबात धरावीच. पण मग हिशेब पूर्ण मांडावा. २०१२ च्या आफ्रिका चषकात उपांत्य सामन्यात झांबियाविरुद्ध त्याची पेनल्टी पुन्हा हुकली. इतकी टीका झाली की काही काळ तो देशाच्या संघापासून दूर राहिला. त्याच वर्षी अपघातात त्याची आई गेली. देशासाठी पेनल्टी घेऊ नकोस, असं तिने त्याला सांगितलं होतं. २०१३ च्या आफ्रिका चषकात घानाच्या पेनल्ट्या वाकासोने मारल्या. ग्यान मात्र खेळत राहिला. २०१४ मध्ये जर्मनी आणि पोर्तुगालविरुद्ध गोल करून त्याने विश्वचषकातले आपले गोल सहावर नेले आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलाचा पाच गोलांचा आफ्रिकी विक्रम मोडला. घानासाठी एकूण ५१ गोल. २०१९ मध्ये तो आपल्याकडे गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडूनही खेळला. २०२३ मध्ये निवृत्त झाला.

हे सगळं मला इतकं का लागावं? कारण एक जुनी गोष्ट आठवली. वर्गात एका मुलाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं होतं. त्याचं चुकलं, मुलं हसली. त्याला पुन्हा लाज वाटायला नको म्हणून मी वर्षभर त्याला फळ्याकडे बोलावलंच नाही. त्या वेळी ती मला माया वाटली. आज वाटतं, मीही दांड्यापाशीच थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी खडू त्याच्याच हातात द्यायला हवा होता.

मंडळी, माणसाची पारख चुकण्यावरून करू नये असं मी म्हणणार नाही. पण ती त्याच क्षणी उरकू नये. त्यानंतर तो काय करतो, तेही बघावं.

नातवाने मग दुसरा सामना लावला. या वेळी तो शेवटपर्यंत बघत होता.