न धावलेली गाडी

गेल्या शनिवारी उंब्रजला मावशीकडे गेले होते. हायवेला एसटीतून उतरले, तर दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, बाइक घेऊन हजर. चेहरा मात्र पार उतरलेला. चाकणच्या एका कंपनीत तीन वर्षं एकाच गाडीच्या डिझाइनवर राबत होता. पंधरा दिवसांपूर्वी एक मेल आला आणि प्रोजेक्ट बंद! नोकरी आहे, पण गाडी गेली.

रात्री जेवताना आप्पांनी विचारलंच, ‘‘तीन वरीस राबलास न्हवं? मग गाडी कुठंय?’’

दादा गप्प. आमटी गार झाली.

मला आठवली जॅग्वारची ‘एक्सजे १३’. हो, तीच जॅग्वार, जी २००८ मध्ये आपल्या टाटांनी घेतली. फ्रान्समधली ल मान्सची रेस माहितीये ना? सलग चोवीस तास, ड्रायव्हर आळीपाळीने बदलायचे, गाडी तीच. १९५१ ते १९५७ या काळात ही रेस जॅग्वारने पाच वेळा मारली होती. पुन्हा जिंकायचं म्हणून १९६६ मध्ये त्यांनी हा प्रोटोटाइप बांधला. पाच लिटरचं व्ही-१२ इंजिन ड्रायव्हरच्या मागे, ताकद पाचशे हॉर्सपॉवरच्या घरात. बॉडी माल्कम सेयरची, ई-टाइप घडवणारा तोच हा माणूस. दिसायला? फोटो बघा, बस्स!

पण निर्णय लांबत गेला. तोवर फोर्डने सात लिटरची इंजिनं लावून ल मान्स गाजवलं. त्यात १९६८ पासून प्रोटोटाइपना तीन लिटरची मर्यादा आली आणि विषयच संपला. टेस्ट ट्रॅकवर ताशी २६० किलोमीटरच्या सरासरीने लॅप मारलेली गाडी एकही रेस न धावता झाकून ठेवली गेली. १९७१ च्या जानेवारीत शूटिंगसाठी बाहेर काढली, तर भर वेगात चाक तुटलं आणि गाडीने कोलांट्या खाल्ल्या. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस आत दडून बसला म्हणून वाचला. गाडीचा मात्र चुराडा. पुढे ती पुन्हा बांधली. आज ती इंग्लंडच्या म्युझियममध्ये आहे.

म्हणजे सगळं फुकट गेलं? तसंही नाही. त्या खटपटीतून पुढे जॅग्वारचं रस्त्यावरच्या गाड्यांचं व्ही-१२ आलं. १९८८ मध्ये एक्सजेआर-९ ने ल मान्स जिंकलं, ३१ वर्षांनी! तिचं सात लिटरचं इंजिन त्याच व्ही-१२ वर बेतलेलं होतं.

आप्पा सगळं ऐकून म्हणाले, ‘‘म्हंजे बी वाया न्हाई गेलं. उगवायला येळ लागला.’’

दादा पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, ‘‘आणि त्या सेयरचं काय झालं गं?’’

सेयर १९७० मध्येच गेला. त्याला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. खोटं कशाला सांगू? सांगून टाकलं.

दादा जरा वेळ तसाच बसला. मग ताट पुढे ओढलं आणि म्हणाला, ‘‘मावशीची नाही, आपल्या आईच्या हातची भाकरी आहे, गार करू नको.’’ ‘‘तुझ्या आईच्या,’’ मी म्हटलं. सोमवारी पहाटे दोघं एकाच एसटीने पुण्याला निघालो. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता. उघडलेला.